अभियांत्रिकी, संगणक, गणित: उत्पन्नावर आधारित शिष्यवृत्त्या, आणि कोणती योजना कोणत्या योजनेच्या आड येते

नदीकाठ

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी कॉलेजांच्या याद्या सुरू होतात. पैशाचा हिशेब मात्र प्रवेश झाल्यावर मांडला जातो आणि तोवर सगळ्यात मोठी सवलत हातची गेलेली असते. म्हणून हा धागा. विषय मुख्यतः महाराष्ट्रातला पदवी अभ्यासक्रम, म्हणजे बीई-बीटेक आणि गणित-संख्याशास्त्रातली बीएस्सी. जाणकारांनी भर घालावी, दुरुस्त्या कराव्यात.

पहिली गोष्ट टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांची. हिला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत, त्यामुळे ती शिष्यवृत्तीच्या यादीत सापडतच नाही. मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के जास्तीच्या जागा असतात, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं आणि पूर्ण शिक्षण शुल्क चारही वर्षं माफ होतं. पण ही जागा कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच मिळते. कॅपच्या अर्जात टीएफडब्ल्यूएसचा पर्याय निवडायचा, उत्पन्नाचा दाखला त्याच वेळी जोडायचा आणि पसंतीक्रम भरताना त्या शाखेचा वेगळा कोड घ्यायचा. त्या कोडच्या शेवटी 'टी' असतो.

चूक होते ती क्रमात. एकाच कॉलेजातली एकच शाखा हवी असेल तर 'टी' असलेला कोड वर आणि साधा कोड त्याच्या खाली. उलटं केलं आणि पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची साधी जागा लागली, तर ती घ्यावीच लागते. पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर पडतं आणि त्याच शाखेची माफीची जागा खाली राहून जाते. 'टी' कोडची गुणवत्ता साध्या जागेपेक्षा बरेचदा वर बंद होते, म्हणून काही जण तो भरतच नाहीत. भरल्याने काही बिघडत नाही. नाही लागला तर खालचा कोड आहेच.

दुसरी, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. लोक अजून हिला ईबीसी म्हणतात. उत्पन्न मर्यादा ८ लाख, शिक्षण शुल्काच्या ५० टक्के, अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. अटी नीट वाचा: प्रवेश कॅपमधून हवा, महाराष्ट्राचा अधिवास हवा, कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ, शिक्षणात दोन वर्षांहून मोठा खंड नको, आधीच्या सत्रात ५० टक्के हजेरी हवी. व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश असेल तर एक रुपयाही मिळत नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठंही यात नाहीत. शेवटची ओळ पुन्हा वाचा, कारण अनेक जुन्या कॉलेजांचं आता विद्यापीठ झालं आहे. प्रवेश घेताना त्या संस्थेचा आजचा दर्जा विचारा.

पाटीपेन्सिल

चांगला धागा. ईबीसीच्या आकड्याबद्दल थोडं सांगते, कारण '५० टक्के' ऐकून पालक एकूण फीच्या निम्मे धरतात.

शुल्क नियामक प्राधिकरण दर कॉलेजचं शुल्क ठरवून देतं. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे वेगळे भाग असतात. सवलत फक्त शिक्षण शुल्कावर. समजा शिक्षण शुल्क १,००,००० आणि विकास शुल्क १२,००० आहे. ईबीसीत ५०,००० मिळतील, खिशातून ६२,००० जातील. टीएफडब्ल्यूएसमध्ये १२,००० भरावेच लागतील. मुलींच्या पूर्ण माफीतही विकास शुल्क माफ नाही. शिवाय वसतिगृह, बस, अनामत, गणवेश हे सगळं वेगळंच.

मुलींचं स्वतंत्रपणे लिहिते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के मिळतं. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही नूतनीकरणात ते लागू आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. अर्ज महाडीबीटीवर करावाच लागतो, प्रवेशाच्या खिडकीवर आपोआप माफी होत नाही. मात्र पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीची रक्कम कॉलेजने प्रवेशावेळी आगाऊ घ्यायची नाही, अशा शासनाच्या सूचना आहेत. पूर्ण फी मागितली तर सूचनेचा हवाला देऊन लेखी कारण मागा. तोंडी वाद घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

अबोली

@पाटीपेन्सिल ताई, मुलीला सरकारी कॉलेजात संगणक अभियांत्रिकी मिळत असेल तर हीच माफी घ्यावी की एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती? दोन्ही चालतात का?

पाटीपेन्सिल

दोन्ही धरून चालू नका. प्रगतीच्या अर्जात दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत नसल्याचं हमीपत्र द्यावं लागतं. म्हणून आधी आकडेमोड करा.

प्रगती वर्षाला ५०,००० देते. एआयसीटीई-मान्य संस्थेत पहिल्या वर्षाला प्रवेश असेल तर चार वर्षं, पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आली तर तीन वर्षं. उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. निवड आधीच्या परीक्षेच्या गुणांवर होते. बारावीतून आलेल्यांची बारावीच्या गुणांवर आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची पदविकेच्या गुणांवर. सीईटीचा पर्सेंटाइल इथे कामाला येत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सरकारी कॉलेजात शिक्षण शुल्क २५,००० असेल तर राज्याच्या माफीतून २५,००० वाचतात आणि प्रगतीतून ५०,००० हातात येतात. म्हणजे प्रगती बरी, वरचे पैसे वसतिगृहाला आणि लॅपटॉपला लागतात. विनाअनुदानित कॉलेजात शिक्षण शुल्क १,००,००० असेल तर राज्याची माफी दुप्पट पडते. फक्त प्रगतीच्या जागा मोजक्या असतात, निवड यादी यायला वेळ लागतो, आणि महाडीबीटीची मुदत त्याआधी संपू शकते. बारावीचे गुण खूप वरचे नसतील तर राज्याची योजना सोडून प्रगतीवर विसंबू नका.

मुलगी खाजगी विद्यापीठात गेली असेल तर राज्याची माफी नाहीच. पण ती संस्था एआयसीटीईच्या मान्यतायादीत असेल तर प्रगतीचं दार उघडं असतं.

एआयसीटीईच्याच आणखी दोन योजना आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सक्षम, आणि प्रामुख्याने अनाथ विद्यार्थ्यांसाठी स्वनाथ. रक्कम तीच, ५०,०००.

वाटाड्या_घाट

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती राहिली. नव्या नावात पीएम-यूएसपी जोडलं आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. उत्पन्न मर्यादा साडेचार लाख. पहिली तीन वर्षं १२,००० आणि बीटेकच्या चौथ्या वर्षी २०,०००, म्हणजे चार वर्षांत ५६,०००. नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी.

दोन गैरसमज सतत दिसतात. एक, पात्रतेच्या अटीतलं '८० पर्सेंटाइल' म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत. आपल्या मंडळात, आपल्या शाखेत तुम्ही वरच्या २० टक्क्यांत आहात का, एवढंच ते विचारतं. ७२-७५ टक्के मिळालेला विद्यार्थीही कधी कधी त्यात बसतो, म्हणून मंडळाने जाहीर केलेली गुणमर्यादा बघितल्याशिवाय सोडून देऊ नका. दोन, ही कोणत्याही दुसऱ्या शिष्यवृत्तीबरोबर चालत नाही, राज्याच्या शुल्कमाफी आणि शुल्क प्रतिपूर्तीबरोबरही नाही. ईबीसीचे ५०,००० सोडून १२,००० घेण्यात अर्थ नाही. पण साध्या बीएस्सीला अनुदानित कॉलेजात फीच काही हजारांत असते. तिथे ईबीसीतून जेमतेम काही शे सुटतात आणि केंद्राचे १२,००० सरळ फायद्याचे ठरतात. गणिताच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

दोन्हीकडे अर्ज टाकून 'जे मिळेल ते घेऊ' असं करणारे बरेच असतात. दोन्ही पोर्टल आधारवर चालतात, त्यामुळे दुहेरी लाभ उघडकीला येतो आणि वसुली निघते.

शून्यलब्धी

गणिताचा उल्लेख आला म्हणून सविस्तर लिहितो. 'शिष्यवृत्त्या सगळ्या अभियांत्रिकीलाच' ही समजूत पुसली जायला हवी.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-शी वर्षाला ८०,००० ची आहे: ६०,००० रोख आणि उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी २०,०००. ती उत्पन्नावर नाही, गुणवत्तेवर आहे, तरी गरजू घरासाठी तिच्याइतकी मोठी दुसरी क्वचितच. बारावीला आपल्या मंडळात वरच्या १ टक्क्यात असणं हा नेहमीचा मार्ग. जेईई किंवा नीटच्या वरच्या क्रमांकांनाही ती खुली आहे, पण प्रवेश मूलभूत विज्ञानाला हवा. गणित, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स चालतं. बीई-बीटेक चालत नाही आणि बीएस्सी संगणकशास्त्रही विषयांच्या यादीत नाही. हे प्रवेशाआधी कळलं तर तीन वर्षांचा हिशेब बदलतो. संगणकाकडेच वळायचं असलं तरी गणित किंवा संख्याशास्त्रात बीएस्सी करून पुढे एमसीए किंवा डेटा सायन्समधली एमएस्सी करता येते.

मंडळ पात्र विद्यार्थ्यांना पात्रतेचं पत्र देतं. ते निकालाच्या कागदांबरोबर फाइलला लावून विसरलं जातं. अर्जाला ते पत्र आणि प्राचार्यांच्या सहीचा ठरावीक नमुना लागतो. नमुन्यात विषयाचं नाव संदिग्ध लिहिलं की अर्ज अडकतो. 'बीएस्सी प्रथम वर्ष' एवढंच नको, मुख्य विषय कोणते ते स्पष्ट हवं.

भारतीय सांख्यिकी संस्थेचा कोलकात्यातला बीस्टॅट आणि बंगळुरूचा बीमॅथ, दोन्हींना शिक्षण शुल्क नाही, उलट महिना ५,००० विद्यावेतन. सत्रातली कामगिरी घसरली तर ते कमी होतं किंवा थांबतं. प्रवेश परीक्षेत वर्णनात्मक प्रश्न असतात, सीईटीची तयारी तिथे पुरत नाही. अकरावीतच सुरुवात केलेली बरी.

उच्च शिक्षण संचालनालयाच्या महाडीबीटी यादीत गणित-भौतिकशास्त्र विद्यार्थ्यांसाठीची एक जुनी शिष्यवृत्तीही आहे. रक्कम नाममात्र. दुसरी कुठलीच मिळत नसेल तरच भरा, नाहीतर तिच्यापायी मोठी योजना अडून बसेल.

नदीकाठ

@शून्यलब्धी, बीएस्सी संगणकशास्त्राचा मुद्दा फार मोलाचा. धाग्याच्या सुरुवातीला तो यायला हवा होता.

आयआयटी-एनआयटीबद्दल लिहितो. आयआयटीत बीटेकचं शिक्षण शुल्क वर्षाला २ लाख. कौटुंबिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ते पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ, म्हणजे भरायचे सुमारे ६६,७००. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्पन्न न बघता पूर्ण माफी. एनआयटीतही टप्पे हेच, शुल्क सव्वा लाख. त्यामुळे नागपूरच्या व्हीएनआयटीत किंवा गोव्याच्या एनआयटीत मधल्या टप्प्याला सुमारे ४१,७०० पडतात. पुणे आणि नागपूरच्या ट्रिपल आयटी सरकारी-खाजगी भागीदारीतल्या आहेत, तिथे हीच सवलत गृहीत धरू नका.

५ लाखांच्या रेषेवरची कुटुंबं इथे सगळ्यात जास्त अडचणीत येतात. आई आणि वडील दोघांचं मिळून उत्पन्न धरलं जातं. दाखल्यावर ५,०५,००० आलं की सवलत शून्य. दाखला काढताना शेती, पगार, भाडं यांचा खरा आकडा नीट मांडा. अंदाजे वाढवून लिहिलेला आकडा नंतर खाली आणता येत नाही.

कौलारू

दाखल्यांवर मी लिहितो, कारण निम्मे अर्ज तिथेच लंगडतात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. तलाठ्याचा अहवाल हा त्याचा आधार, तो दाखला नव्हे. पगारपत्रकही चालत नाही. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. नोकरदारांना फॉर्म १६ किंवा आयकर विवरण, शेतकऱ्यांना सातबारा आणि आठ-अ. लोकसेवा हक्कात मुदत १५ दिवसांची, पण जून-जुलैत सर्व्हर आणि गर्दी दोन्ही जड होतात. एप्रिल-मे हाच खरा काळ.

दाखल्यावर आर्थिक वर्ष बघा. उदाहरणार्थ, २०२५-२६ च्या प्रवेशाला २०२४-२५ च्या उत्पन्नाचा दाखला, वैधता ३१ मार्च २०२६. मार्चमध्ये घाईने काढलेला दाखला बहुधा आधीच्या वर्षाचा निघतो आणि जुलैत पुन्हा रांग लावावी लागते. १ एप्रिलनंतरच काढा. महाडीबीटीत दाखल्याचा बारकोड क्रमांक टाकला की माहिती आपोआप येते. नाव किंवा आकडा जुळला नाही तर अर्ज पुढे सरकवू नका, आधी दाखला दुरुस्त करा.

उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर हे तीन वेगळे कागद आहेत. एक दिला म्हणून दुसरा लागत नाही असं नाही. ईडब्ल्यूएसचा राज्याचा आणि केंद्राचा नमुनाही वेगळा. जोसासाठी, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशप्रक्रियेसाठी, केंद्राचाच लागतो.

वाटाड्या_घाट

आणि बँक. 'खातं आधारला लिंक आहे' हे वाक्य इथे पुरेसं नाही. केवायसीसाठी आधार दिलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) नोंदीत ते खातं थेट लाभासाठी जोडलेलं असणं वेगळं. एका आधारवर एका वेळी एकच बँक अशी जोडलेली असते, आणि जी शेवटी जोडली तिथेच पैसे जातात. कॉलेजात नवं खातं उघडताना संमतीच्या चौकटीवर खूण केली की जोडणी तिकडे सरकते, आणि घरी जुन्या पासबुकात पैसे शोधत बसतात. मायआधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द, दोन्ही तपासा.

कमी कागदपत्रांवर उघडलेलं छोटं खातं असेल तर आणखी अडचण. त्यात शिल्लक ५०,००० च्या वर राहू शकत नाही आणि वर्षभरात १ लाखाच्या वर जमा होत नाही. प्रगतीचे ५०,००० अशा खात्यावरून परत गेले तर पुन्हा मिळवायला महिने जातात. अर्जाआधी बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून घ्या. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान (अल्पवयीन) खातं असेल तर अठरा पूर्ण होताच ते बदला.

एनएसपीसाठी आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायच्या नोंदणीचा क्रमांक काढायचा. तो १४ अंकी क्रमांक पुढे दरवर्षी लागतो. चेहऱ्याची आधार-पडताळणी मोबाइलवर होते. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करा. संस्था निवडताना नावावर न जाता एआयएसएचई कोड (उच्च शिक्षण सर्वेक्षणातला कॉलेजचा क्रमांक) बघा. एकाच संस्थेची दोन-तीन कॉलेजं असतात आणि चुकीच्या कॉलेजच्या लॉगिनला गेलेला अर्ज तिथे कुणी उघडत नाही.

हिरवीमिरची

अर्ज 'सबमिट' झाला की काम संपलं असं मानू नये, एवढं जोडतो. महाडीबीटीत तो आधी कॉलेजचा लिपिक, मग प्राचार्य, मग संबंधित विभागाचं कार्यालय असा जातो. कुठेही त्रुटी निघाली की परत विद्यार्थ्याकडे येतो. एसएमएस येईलच असं नाही, म्हणून पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघावी. परत आलेला अर्ज मुदतीत पुन्हा पाठवला नाही तर ते वर्ष गेलं.

बेटरमेंटमध्ये (वरच्या पसंतीची जागा मिळून) किंवा पुढच्या फेरीत कॉलेज बदललं आणि जुन्या कॉलेजच्या नावाने अर्ज गेलेला असेल, तर जुन्या कॉलेजला तो रद्द करायला लावा. त्याशिवाय नव्या कॉलेजचा अर्ज भरता येत नाही. शेवटची फेरी आटोपेपर्यंत अर्ज न भरणं सगळ्यात सोपं.

अनुसूचित जातीसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्न मर्यादा अडीच लाख, त्यावर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. केंद्राच्या हिश्श्याची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि शुल्काचा भाग ७ दिवसांत कॉलेजात भरायचा असतो. घरखर्चात तो गेला की कॉलेज निकाल आणि पुढचा प्रवेश अडवून धरतं. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे: मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००, अभियांत्रिकी आणि वैद्यकीयला वरचे ५,०००. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ईबीसीचा अर्ज भरणारे हा दुसरा अर्ज विसरतात. तो राहण्या-जेवणाचा भत्ता आहे, त्यामुळे शुल्काच्या सवलतीशी त्याची टक्कर होत नाही.

अबोली

सगळ्यांचे आभार. खाजगी संस्थांच्या शिष्यवृत्त्या सरकारीबरोबर चालतात का? आणि तरीही पैसे कमी पडले तर?

शून्यलब्धी

खाजगीत प्रत्येकाचं हमीपत्र वेगळं, ते वाचूनच ठरवा. दुसरी मदत मिळाली असेल तर लपवू नका. बहुतेक संस्था फक्त 'सांगा' एवढंच म्हणतात.

रिलायन्स फाउंडेशन पदवीच्या संपूर्ण काळासाठी मिळून २ लाखांपर्यंत देतं. त्यासाठी पहिलं वर्ष, बारावीला ६० टक्के आणि उत्पन्न १५ लाखांच्या आत हवं. अडीच लाखांच्या आतल्यांना प्राधान्य असतं. ऑनलाइन अभियोग्यता चाचणी ६० मिनिटांची, ६० प्रश्न: भाषा, तर्क, अंक. दहावीनंतर पदविका करून आलेल्यांना ती नाही. फाउंडेशन फॉर एक्सलन्स ही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गरजू मुलांना निवडते, तिथे प्रवेश परीक्षेतला क्रमांक बघतात. पुण्याची लीला पूनावाला फाउंडेशन फक्त मुलींसाठी, ठरावीक जिल्ह्यांत, मुलाखत आणि घरभेट घेऊन. या तिन्हींमध्ये पहिलं वर्ष निघून गेलं की दार बऱ्याच अंशी बंद होतं, म्हणून अर्ज प्रवेशाच्याच महिन्यात.

पैसे कमी पडले तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी बघा. क्रमवारीने निवडलेल्या (सुरुवातीला ८६०) संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट. अट अशी की दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत असाल तर ही सूट नाही. कर्ज मात्र घेता येतं. १ लाखाच्या कर्जावर ३ टक्के म्हणजे वर्षाला ३,००० आणि ईबीसीचे ५०,०००. शिष्यवृत्ती ठेवा, उरलेल्या विकास शुल्क-वसतिगृहापुरतंच कर्ज काढा, सूट सोडून द्या.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तुम्हाला महाडीबीटी लागू नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजना आधी तपासा.

हिरवीमिरची

नूतनीकरणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. एटीकेटी असली तरी पुढच्या वर्षात प्रवेश झाला असेल तर ईबीसी चालू राहते. वर्ष वाया गेलं तर त्या वर्षाचा लाभ नाही. प्रगतीतही पुढच्या वर्षात गेल्याचा पुरावा लागतो. दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना गेल्या वर्षीची माहिती तशीच पुढे येते, त्यात जुना उत्पन्नाचा दाखला असतो. तो काढून नवा बारकोड टाका आणि हजेरीचे टक्के कॉलेजच्या नोंदीशी जुळवून घ्या.